सेफ्टीची तक्रार करायचीय आणि नोकरीही टिकवायचीय? मग आधी कागद करा

काही दिवसांपूर्वी रात्री दहाच्या सुमारास भाच्याचा फोन. नंदेसरीला एका केमिकल युनिटमध्ये आहे तो, दोन वर्षं झाली, आत्ताच पर्मनंट झालाय. म्हणाला, मामा, आमच्या इथं अ‍ॅसिडच्या टाकीजवळ सेफ्टी शॉवर आहे ना, अंगावर अ‍ॅसिड उडालं तर धुवायचा, त्याची चेन ओढली की नुसती फुस्स करून हवा येते, पाणी नाहीच, लाइन कुठंतरी गळत होती म्हणून मागचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवलाय तो तीन आठवडे तसाच. शिफ्ट इनचार्जला सांगितलं तर तो हसून म्हणे, का रे, आंघोळ करायचीय का तुला? आता वर सांगू का? आणि सांगितलं तर मला छुटा, म्हणजे नोकरीवरून मोकळा, नाही ना करणार?

फोनवर अर्धा तास बोललो, पण अशा फोनवरच्या गोष्टी सकाळपर्यंत निम्म्या विसरतात, म्हणून सगळं लिहूनच काढतोय. बडोद्यात आपली इतकी मराठी मुलं मकरपुरा, नंदेसरी, सावली, वाघोडिया, हालोल अशी पसरलीत, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मी वकील नाही हे आधीच सांगतो. गोरव्याच्या आयटीआयचा फिटर, मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) २६ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ सेफ्टी कमिटीत कामगारांच्या बाजूने बसलो. जे सांगतोय त्यातलं अर्धं कायद्याचं आहे आणि अर्धं ठेच लागून कळलेलं.

पहिली गोष्ट, जी ऐकून भाचा जरा हिरमुसला. "सेफ्टीची तक्रार करणाऱ्याला हात लावायचा नाही" असं एका ओळीत सांगणारा एकच कायदा खाजगी कंपनीतल्या माणसासाठी आपल्याकडे नाही. २०१४ चा व्हिसलब्लोअर कायदा म्हणून जो ऐकलेला असतो तो सरकारी भ्रष्टाचाराबद्दलचा, आणि तो पास होऊनही लागू केलेला नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. संरक्षण आहे, पण तुकड्यातुकड्यात. एक तुकडा सेफ्टीच्या कायद्यात, दुसरा नोकरीवरून काढण्याच्या कायद्यात, तिसरा कंपनी कायद्यात, एखादा फौजदारी कायद्यात. हे तुकडे आपले आपण शिवायचे असतात आणि शिवायचा दोरा म्हणजे तारीख असलेला कागद. तो नसेल तर सगळे तुकडे वेगवेगळेच राहतात.

हे मला कसं कळलं ते सांगतो. २००९ ची गोष्ट, आमच्या शॉपमध्ये एक जुनी पॉवर प्रेस (पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात दाबणारं मशीन) होती. तिला दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडणार, म्हणजे हात डायमध्ये राहायचा प्रश्नच नाही. पण दोन्ही हात बटणावर ठेवायचे तर पीस ठेवायला काढायला वेळ जातो, मग टार्गेट कसं होणार, म्हणून कुणीतरी डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून वरून काळी टेप मारलेली. लांबून बघितलं तर बटण नीटच वाटायचं. मी मेंटेनन्सला, मला दिसलं, मी इनचार्जला सांगितलं, एकदा नाही तीनदा, चहाच्या टपरीवर एकदा, शॉपमध्ये एकदा, आणि एकदा तर त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून घरी येताना. प्रत्येक वेळी "करतो करतो". पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्टच्या एका पोराची दोन बोटं गेली. चौकशीत इनचार्ज म्हणाले, मला कुणी काही सांगितलेलं नाही. मी समोर उभा. काय दाखवणार? स्कूटर? पाचर तर अ‍ॅक्सिडेंट झाल्यावर पाच मिनिटांत गायब झालेली, टेपचा चिकटा मात्र बटणावर होता तो मी बोटाने बघितला. त्या पोराचं नाव इथं लिहीत नाही. त्या दिवसापासून मी तोंडी काही सांगत नाही. सांगतो, पण आधी लिहून.

आता कायदा. आपले हक्क मुख्यतः आले भोपाळनंतर. डिसेंबर १९८४ मध्ये जे झालं त्यानंतर १९८७ मध्ये १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि त्यात कामगाराला पहिल्यांदा नीट तोंड दिलं. ४१-एच कलमात धोका दिसला तर मॅनेजरला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरला सांगायचा हक्क, १११-ए मध्ये सेफ्टीची माहिती मागायचा, ट्रेनिंग मागायचा आणि थेट इन्स्पेक्टरकडे जायचा हक्क. जुने लोक अजून ह्याच नंबरांनी बोलतात, तुम्हालाही कमिटीत ते ऐकू येतील.

पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवे लेबर कोड लागू झालेत आणि सेफ्टीचं सगळं आता २०२० च्या ओएसएच (ऑक्युपेशनल सेफ्टी, हेल्थ अँड वर्किंग कंडिशन्स) कोडमध्ये आलंय. आपल्या कामाची कलमं दोन, १३ आणि १४. चौदावं हक्काचं, म्हणजे आपल्या तब्येतीची सेफ्टीची माहिती मालकाकडे मागता येते, व्यवस्था अपुरी आहे असं त्याला स्वतः किंवा सेफ्टी कमिटीच्या मेंबरमार्फत सांगता येतं, त्याने समाधान झालं नाही तर इन्स्पेक्टरकडे जाता येतं. (इन्स्पेक्टरचं नाव आता इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर झालंय, नाव लांबलं.) आणि जीवावर बेतेल असा धोका अगदी समोर दिसत असेल तर वाट बघायची गरज नाही, मालकाला आणि इन्स्पेक्टरला एकाच वेळी कळवायचं. मालकाला पटलं तर त्याने लगेच दुरुस्ती करून इन्स्पेक्टरला रिपोर्ट पाठवायचा. आणि नाही पटलं तरी, हे लक्षात ठेवा, नाही पटलं तरी त्याला ती तक्रार इन्स्पेक्टरकडे पाठवावीच लागते, धोका आहे की नाही हे शेवटी इन्स्पेक्टर ठरवणार. म्हणजे "मला तर काही धोका वाटत नाही, जा काम कर" हे उत्तर कायद्यात बसतच नाही.

तेरावं कलम लोक वाचत नाहीत कारण ते कामगाराच्या कर्तव्याचं आहे, कर्तव्य म्हटलं की वाटतं हेल्मेट घाला वगैरे असणार. पण त्यातच लिहिलंय की असुरक्षित काही दिसलं तर लवकरात लवकर मालकाला कळवणं हे कामगाराचं कर्तव्य आहे. माझ्या मते सगळ्यात भारी हत्यार हेच. कारण तुम्ही अर्जात "माझा हक्क आहे" असं लिहिलंत की समोरच्याचा पारा चढतो, आणि "कलम १३ प्रमाणे माझं कर्तव्य म्हणून कळवत आहे" असं लिहिलंत की तो काय म्हणणार? कर्तव्य केलं म्हणून चार्जशीट देणार? द्यायचं तर देतील, पण मग लेबर ऑफिसात उत्तर देताना त्यांनाच घाम फुटेल.

अर्ज कसा लिहायचा. भाषा कुठलीही चालते पण बडोद्यात गुजरातीत लिहिलेला बरा, ऑफिसातला क्लार्क पटकन वाचतो. आपण घरात मराठी, सही मराठीत, अर्ज गुजरातीत, पिढ्यान्पिढ्या हेच चाललंय. माझ्या अर्जांचं शुद्धलेखन बायको तपासायची, तिचं शिक्षण गुजराती मीडियमचं. अर्ज छोटा ठेवा, एका पानात. भाच्याला जे लिहून दिलं ते मराठीत असं होईल:

"मॅनेजर साहेब, सविनय कळवतो की अ‍ॅसिड टँक नंबर २ च्या पूर्वेकडील सेफ्टी शॉवर व आयवॉशला अमुक तारखेपासून पाणी येत नाही. लाइनचा व्हॉल्व्ह बंद आहे. ही बाब मी अमुक तारखेला सेकंड शिफ्टमध्ये शिफ्ट इनचार्ज यांना तोंडी सांगितली होती. ह्या टाकीवर प्रत्येक शिफ्टला तीन माणसं काम करतात व सॅम्पलिंगच्या वेळी अंगावर अ‍ॅसिड उडण्याची शक्यता असते. ओएसएच कोड कलम १३ प्रमाणे माझं कर्तव्य म्हणून कळवत आहे. कृपया पाणी चालू करावं व तोपर्यंत पर्यायी व्यवस्था करावी. केलेल्या कारवाईची माहिती कलम १४ प्रमाणे मिळावी ही विनंती."

बघा ह्यात काय नाहीये. "तुम्ही लोक कामगारांच्या जीवाशी खेळता" नाहीये, कुणाच्या नावाने शिव्या नाहीत, मागच्या वर्षीचा बोनस नाही. राग असतो, मलाही यायचा, पण अर्जात ओतला की समोरच्याला मुद्द्याऐवजी तुमची भाषा धरता येते. मशीनचा नंबर, जागा, तारीख, वेळ, कुणाला सांगितलं, काय होऊ शकतं, काय पाहिजे. बस.

मग पोच. दोन कॉपी घेऊन जायचं, एकीवर सही शिक्का तारीख. टाइम ऑफिसवाला पोच देत नाही हे गृहीतच धरा, "साहेबांना विचारून सांगतो" म्हणतो. वाद घालायचा नाही, त्याच दिवशी तोच अर्ज कंपनीच्या ई-मेलवर पाठवायचा, नाहीतर स्पीड पोस्टने. पूर्वी आम्ही आरपीएडी (पोच परत येणारं रजिस्टर्ड पोस्ट) करायचो, आता ते स्पीड पोस्टमध्येच मिसळलंय. पावती, अर्जाची कॉपी, सगळं घरी. लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर कंपनीचा असतो.

फोटोचं जरा सांभाळून. सगळ्यांना वाटतं मोबाइल काढला व्हिडिओ केला की झालं. सॉल्व्हंटच्या एरियात मोबाइल नेणं हाच मुळात धोका असतो, म्हणून तर गेटवर जमा करतात, आणि तुम्ही चोरून नेलात तर सेफ्टीची तक्रार करणारा माणूसच सेफ्टीचा नियम मोडताना सापडला असं होतं, मॅनेजमेंटला ह्याहून सोपं काय पाहिजे? त्यापेक्षा शिफ्टचं लॉगबुक वापरा. हँडओव्हरच्या रजिस्टरमध्ये तुमच्या ओळीत लिहा, "शॉवर बंद, इनचार्जना सांगितलं, वेळ ३.४०". ते पान फाडलं तर फाटलेलं दिसतं. हाताने काढलेलं साधं स्केचही चालतं, मी प्रेसनंतरच्या सगळ्या तक्रारींना स्केच जोडायचो. आणि टाकीत कुठलं केमिकल आहे, अंगावर पडलं तर काय होतं हे माहीत नसेल तर त्याची एमएसडीएस (केमिकलच्या धोक्यांची माहितीपत्रिका) मागा, ती मागायचा हक्क चौदाव्या कलमातच आहे.

कुणाकडे जायचं? सेफ्टी कमिटी असेल तर तिच्या कामगार मेंबरला धरा, एकट्याने उभं राहायची वेळ येत नाही आणि मिनिट्समध्ये नोंद होते. सेफ्टी ऑफिसर ५०० किंवा जास्त कामगारांच्या फॅक्टरीत ठेवावाच लागतो, धोकादायक प्रोसेस असेल तर २५० ला. चांगले असतात बरेच, पण पगार कंपनीचाच घेतात हे विसरू नका. भाच्याच्या शॉवरसारखं प्रकरण असेल तर आधी मालक, आठ दहा दिवस वाट, मग इन्स्पेक्टर. क्रेनची दोरी तुटायला आलीय, गॅस लीक आहे, असं असेल तर त्याच दिवशी दोघांना. गुजरातमध्ये हे खातं म्हणजे डिश, डायरेक्टोरेट इंडस्ट्रियल सेफ्टी अँड हेल्थ. आपले जुने लोक अजून "फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस" म्हणतात. लिस्टेड कंपनी असेल, किंवा बँकांचं ५० कोटींच्या वर कर्ज असलेली, तर तिथं कंपनी कायदा २०१३ च्या १७७ कलमाखाली व्हिजिल मेकॅनिझम (कंपनीतल्या गैरप्रकाराची तक्रार करायची सोय) असावा लागतो, तक्रार करणाऱ्याला त्रास होणार नाही ह्याची सोय त्यातच ठेवायची असते, आणि गरज पडली तर ऑडिट कमिटीच्या चेअरमनपर्यंत थेट जाता येतं. वेबसाइटवर त्याचा ई-मेल असतो. मुंबईच्या हेड ऑफिसला मेल गेला की इथला प्लांट हेड कसा पळतो ते बघण्यासारखं असतं.

नाव गुप्त राहील का? जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या ११८-ए मध्ये हे अगदी स्पष्ट होतं, तक्रार कुणी केली ते इन्स्पेक्टरने सांगायचं नाही, एवढंच नाही तर तक्रारीवरून आलोय हेही सांगायचं नाही. तेव्हा इन्स्पेक्टरकडच्या अर्जाच्या वर पहिल्याच ओळीत लिहा की माझं नाव गुप्त ठेवावं, उघड करायला माझी संमती नाही. निनावी पाठवू नका, निनावी कागद फायलीत झोपतो आणि उद्या तुम्हाला काढलं तर तो तुमचा होता हे सिद्ध कसं करणार? पण खरं सांगायचं तर चार माणसांच्या डिपार्टमेंटमध्ये गुप्तता वगैरे काही नसते. इन्स्पेक्टर सरळ तुमच्याच मशीनकडे गेला की झालं. म्हणून एक युक्ती, अर्जात फक्त तुमच्या जागेचं लिहू नका, प्लांटमधल्या अजून दोन तीन ठिकाणचं खरं खरं जे आहे ते लिहा, तुमचं मध्ये कुठंतरी. मग इन्स्पेक्टर सगळीकडे फिरतो आणि कुणी सांगितलं ते हुडकणं अवघड जातं. पुढे काय झालं हे कळत नसेल तर आरटीआय टाकता येते, गुजरातमध्ये फी २० रुपये, ३० दिवसांत उत्तर, आणि ती तुमच्याच नावाने टाकायची काही गरज नाही, कुठलाही नागरिक टाकू शकतो, शेजारचे रिटायर्ड काका असतातच.

आता एक जागा जिथं पोरं हमखास चुकतात. काम बंद करणं. आपल्या कायद्यात धोका सांगायचा हक्क अगदी स्वच्छ लिहिलाय, पण काम सोडून निघून जायचा हक्क तसा स्वच्छ लिहिलेला नाही. त्यातून चार जणांना घेऊन बाहेर येऊन बसलात तर सेफ्टी राहते बाजूला आणि बेकायदा संपाचं प्रकरण होतं, नव्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये तर संपाला आधी नोटीस लागते आणि निम्म्या किंवा जास्त लोकांनी एकदम सुट्टी टाकली तर तोही संपच. म्हणून मशीनपासून बाजूला व्हा पण डिपार्टमेंटमध्येच उभे राहा आणि लिहून द्या, "मी ड्युटीवर हजर आहे, दुसरं कुठलंही काम द्या करतो, ह्या मशीनचा गार्ड लागल्यावर हेही करतो." पंचिंग करूनच घरी जा. काम नाकारलं आणि काम मागितलं ह्यात फरक आहे, तो कागदावर दिसला पाहिजे.

ह्याला एकच अपवाद मी मानतो, टाकी, गटार, रिअ‍ॅक्टरच्या आत उतरणं. तिथं कागद नंतर, आधी पाय मागे. जून २०१९ मध्ये आपल्याच डभोई तालुक्यात फरतीकुईला एका हॉटेलचा खाळकुवा (सेप्टिक टँक) साफ करताना सात जण गेले, त्यातले तीन तर हॉटेलचेच नोकर. अशा जागी होतं काय की एक आत उतरतो, तो बोलेनासा होतो, म्हणून दुसरा उतरतो, मग तिसरा. वरून बघताना आत काही दिसतच नाही, ना धूर ना काही, म्हणून माणूस फसतो. जुन्या अ‍ॅक्टचं ३६ वं कलम मला पाठ आहे कारण ते इतकं चित्रासारखं लिहिलंय, आत गॅस नाही असं जाणत्या माणसाचं लेखी सर्टिफिकेट, नाहीतर तोंडाला श्वासाचं उपकरण, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी आणि त्या दोरीचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. दोरीचं टोक हातात घेऊन कुणी उभं नसेल तर उतरायचं नाही, मग शेठ येऊ दे नाहीतर शेठचा बाप. आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने सरळ गुन्हा आहे, उतरवणाऱ्याला जेल होऊ शकते.

तक्रार केली, आता त्रास सुरू झाला. त्रास कसा येतो? सरळ "तक्रार केलीस म्हणून काढतो" असं कुणी लिहून देत नाही, एवढे भोळे कोण असतात. शिफ्ट बदलते, ओव्हरटाइम बंद होतो, लांब बदली होते, तीन मिनिटं लेट आलात म्हणून मेमो. माझ्याबाबतीत २०१४ मध्ये झालं. ओव्हरहेड क्रेनचा लिमिट स्विच बायपास केलेला, हुक वर ड्रमला जाऊन आदळेपर्यंत थांबायचा नाही, मी लेखी दिलं, कमिटीत मांडलं, मिनिट्समध्ये आलं. अकराव्या दिवशी माझी बदली हालोलच्या गोडाऊनला. फिटर माणूस, गोडाऊनमध्ये खोकी मोजायला. कारण लिहिलेलं "प्रशासकीय गरज".

मी गेलो हालोलला. हे महत्त्वाचं आहे, रागाने घरी बसलो असतो तर गैरहजेरीचं चार्जशीट तयारच होतं. हजर झालो आणि हजर झाल्याच्या पत्रातच लिहिलं की विरोध नोंदवून हजर होतोय. मग युनियनमार्फत लेबर ऑफिसात कन्सिलिएशन, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोर समेटाची बोलणी. तिथं मी काही भाषण केलं नाही, दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, तक्रारीची पोच आणि बदलीची ऑर्डर, मध्ये अकरा दिवस. साहेबांनी चष्मा वर करून कंपनीच्या माणसाकडे बघितलं, बस. पाच महिने लागले, चार तारखा पडल्या, रोज बसने ये-जा करून कंबर गेली, पण परत आलो. आणि क्रेनचा स्विच तर मी हालोलला असतानाच बदलला होता म्हणे!

ह्यामागचा कायदा असा. वाईट हेतूने केलेली बदली, सूड म्हणून काढणं, खोटे आरोप लावून काढणं, हे सगळं "अनफेअर लेबर प्रॅक्टिस"च्या यादीत आहे. तेव्हा ही यादी १९४७ च्या इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स अ‍ॅक्टमध्ये होती, आता इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये आहे. आधी दंड होता हजार रुपयांपर्यंत, म्हणजे मालकाच्या एका जेवणाचं बिल, आता दहा हजारापासून दोन लाखापर्यंत केलाय. २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण कमिटी असलीच पाहिजे, तिथं एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो, ३० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, नाही पटला किंवा आलाच नाही तर ६० दिवसांत कन्सिलिएशनला. काढूनच टाकलं असेल तर वाद दोन वर्षांच्या आत कन्सिलिएशन ऑफिसरकडे न्यायचा, पूर्वी लेबर कोर्टात जायला तीन वर्षं होती त्यामुळे जुन्या लोकांचं ऐकून निवांत बसू नका. तिथं नाही मिटलं तर रिपोर्ट मिळाल्यापासून ९० दिवसांत ट्रिब्युनल, म्हणजे कामगार वादांचं कोर्ट. एकदा कन्सिलिएशन चालू झालं की एक आडोसा मिळतो, त्या वादाशी संबंधित गोष्टीत तुमच्या नोकरीच्या अटी मालकाला परस्पर बदलता येत नाहीत आणि परवानगीशिवाय त्याच कारणावरून काढताही येत नाही.

चार्जशीट आलं तर घ्या. नाही घेतलं तर भिंतीला चिकटवून "नाकारलं" असं लिहितात. मुदतीत उत्तर द्या, उत्तरात आपल्या तक्रारीची तारीख घाला. सस्पेंड केलं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार मिळतो, पुढे चौकशी लांबली ती तुमच्यामुळे नसेल तर ७५ टक्के.

आणि राजीनामा. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. एसी केबिनमध्ये बोलावतात, पाणी देतात, चहा देतात, एचआरच्या बेन अगदी प्रेमाने म्हणतात की भाई तुझं करिअर आहे, राजीनामा दे, एक्स्पिरियन्स सर्टिफिकेट क्लीन देते, आज फुल अँड फायनल हिशोबही करून टाकू. कागद टाइप केलेला तयारच असतो. त्यावर सही केलीत की कायद्याच्या नजरेत तुम्हाला कुणी काढलेलंच नाही, तुम्हीच गेलात, वर सांगितलेलं सगळं पाण्यात. "घरी विचारून उद्या सांगतो" म्हणा आणि उठा. दाबून सही घेतलीच असेल तर त्याच दिवशी, रात्र व्हायच्या आत, ई-मेल करा की माझ्यावर दबाव आणून सही घेतली, मी राजीनामा दिलेला नाही, उद्या ड्युटीवर येतोय. आणि खरंच दुसऱ्या दिवशी गेटवर जाऊन उभे राहा.

सुपरवायझर लोकांसाठी एक वेगळी ओळ. सुपरवायझरी काम आणि महिना १८ हजाराच्या वर पगार, किंवा मॅनेजर, अशांना काढण्याच्या बाबतीतलं हे ट्रिब्युनलवालं संरक्षण मिळत नाही. पण ओएसएच कोडचं चौदावं कलम "एम्प्लॉयी"साठी आहे, त्यात तेही येतात. हुद्द्याचं नाव काय ह्यापेक्षा रोजचं काम काय ते बघतात, नुसतं "एक्झिक्युटिव्ह" लिहून दिलं आणि दिवसभर पानाच चालवायला लावला तर तो कामगारच. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांचं सगळ्यात अवघड, त्यांना काढत नाहीत, उद्यापासून गेट पास बंद होतो एवढंच. त्यांनी एकट्याने पुढं होऊ नये, पर्मनंट माणसाने त्यांच्यासाठी लिहावं, मी तरी तसंच करायचो, प्रेसवाल्या पोरानंतर. अपॉइंटमेंट लेटर मागून घ्या, नव्या कोडमध्ये ते प्रत्येकाला द्यावंच लागतं. युनियन नसेल तर बडोद्यातच पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर म्हणून संस्था आहे, कामगारांच्या तब्येतीवर वर्षानुवर्षं काम करतेय, सिलिकोसिसवर विशेष.

व्हॉट्सअ‍ॅपचं राहिलंच. इन्स्पेक्टरकडे चांगल्या हेतूने केलेली तक्रार ही बदनामी होत नाही, अधिकारी माणसाकडे केलेल्या अशा तक्रारीला बदनामीच्या कलमात अपवादच आहे, पूर्वी आयपीसीत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात. पण तोच मजकूर कंपनीचं नाव घालून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलात, रील केलंत, तर तो आडोसा गेला. ग्रुपवरची माणसं अंगठा दाखवतात आणि विसरतात, कोर्टाची तारीख तुम्हाला येते.

भाच्याने रविवारी अर्ज लिहिला, मामीने तीन चुका काढल्या, एक "सविनय" मधलीच. सोमवारी टाइम ऑफिसने पोच दिली नाही, मग दुपारी ई-मेल. गुरुवारी प्लंबर आला, लाइनचा सहा फुटांचा तुकडा बदलला, आता चेन ओढली की पाणी येतं, भाच्याने स्वतः ओढून बघितलं आणि बूट भिजवून घेतले. इनचार्ज बोलत नाहीत त्याच्याशी. पुढच्या बुधवारपासून त्याला सलग नाइट लावलीय, रोटेशन त्याचं नसताना. मी विचारलं, वहीत लिहिलंस का? म्हणाला, हो मामा, तारीख टाकून, आणि नोटिस बोर्डवरच्या जुन्या रोटेशनची कॉपीही उतरवून घेतलीय.